डबा रिकामा परत करू नये

चौतीस वर्षं बँकेच्या पिंजऱ्यात बसून रोकड मोजलेल्या माणसासमोर 'कॅश' हा शब्द जपून उच्चारावा. माझ्या भाच्याला हे कळायला हवं होतं. जानेवारीत तो सिएटलहून सुट्टीवर आला आणि झोपेचं गणित जागेवर यायच्या आधीच एका पहाटे माझ्या खुर्चीसमोर येऊन बसला. म्हणाला, "मामा, या खेपेस आपण दोघं जिओकॅशिंग करू."

मी पेपर खाली ठेवला. "रक्कम किती?"

"रक्कम नाही मामा. कॅश म्हणजे लपवलेला साठा. फ्रेंचमधून आलेला शब्द आहे."

"लपवलेला साठा म्हणजे रक्कमच. २०१६ च्या नोव्हेंबरात माझ्या काउंटरवर काय काय निघालं ते तू पाहिलं नाहीस. तांदळाच्या कोठीतल्या नोटा मोजताना सोंडे निघून राहिले होते."

मग त्यानं खेळ समजावला. जगात कुठंतरी कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण मोबाइल घेऊन निघायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख टाकायची, डबा होता तिथंच होता तसा ठेवायचा आणि घरी यायचं. डब्यातली एखादी वस्तू आवडली तर घ्यायची, मात्र तिच्या तोडीचं काहीतरी आत टाकायचं.

ही पोळ्या लाटत ऐकत होती. "मग?"

"मग काही नाही मामी. एवढंच."

"म्हणजे डबा रिकामा परत करायचा नाही. यात अमेरिकेनं काय शोधून काढलं? आमच्या गल्लीत हे रोज चालू आहे."

भाचा गप्प झाला. मीही झालो, कारण ते खरंच होतं. समोरच्यांकडून पुरणपोळ्या येतात, त्या डब्यातून आमच्याकडची भाजणी जाते, भाजणीच्या डब्यातून लोणचं येतं. एक पितळी कडीचा डबा दोन घरांमधून इतकी वर्षं फिरतो आहे की त्याचा मूळ मालक कोण हे आता दोन्ही घरांना आठवत नाही. विचारायची कुणाची हिंमतही नाही.

तरीही अमेरिकेला तिचं श्रेय द्यायला हवं. उपग्रहांवरून जागा सांगणारी यंत्रणा त्यांच्या लष्कराची, आणि इतरांना मिळणाऱ्या खुणेत सरकार जाणूनबुजून घोळ घालत असे. शंभर मीटरपर्यंत चूक. तुम्ही स्वतःच्या अंगणात उभे, यंत्र तुम्हाला तीन घरं सोडून कुणाच्या तरी न्हाणीघरात दाखवणार. २ मे २००० रोजी हा घोळ बंद झाला. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातल्या डेव्ह अल्मर नावाच्या संगणकवाल्यानं बीव्हरक्रीक गावाजवळच्या जंगलात एक काळी बादली नेऊन ठेवली. आत वही, पेन्सिल, काही पुस्तकं, चित्रफिती, एक गुलेल आणि घेवड्याच्या दाण्यांचा टिन. जागेचे आकडे जाहीर केले आणि तीन दिवसांत दोघांनी बादली शोधून काढली. आज जगभर असे तीस लाखांवर डबे आहेत. एक तर २००८ साली अंतराळ स्थानकातही पोचला. गंमत म्हणजे ज्या खेळाचा श्रीगणेशा घेवड्याच्या टिननं झाला, त्यात आता खायची वस्तू ठेवायला मनाई आहे. जनावरं वासानं येतात. हिनं चिवड्याची पुडी भरायला घेतली होती ती इथंच थांबली.

"आणि सगळ्यांत मानाचा डबा माहीत आहे कोणता?" भाच्याचे डोळे चमकले. "मिलिटरीची काडतुसांची पेटी. झाकणाला रबराची पट्टी असते, पावसाचा थेंब आत जात नाही."

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ज्या शहराच्या एका टोकाला आयुध निर्माणी, एका टोकाला वायुसेना आणि पलीकडे कामठीची छावणी, ज्या शहराच्या स्टेशनावर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' हे मी माझ्या नावाच्या खालोखाल ऐकलं आहे, त्या शहरात हा पोट्टा टेकडीवरच्या झुडपात काडतुसांची पेटी ठेवणार. ती शोधायला कुणी हौशी माणूस आला नसता. पथक आलं असतं, कुत्र्यासकट.

दुसरी अडचण अक्षांश-रेखांशाची. नागपुरी माणसाला पत्ता विचारून पाहा. "लोहापूल उतरले की सरळ या, सामने एक पानठेला लागते, तिथून कोणालेही विचारा." हे 'कोणालेही विचारा' म्हणजेच आमचा अक्षांश आणि आमचा रेखांश. शहरातला कोणताही माणूस कोणत्याही क्षणी तुम्हाला कोणतंही ठिकाण सांगायला तयार असतो, त्याला ते माहीत नसलं तरी. अशा गावात तीन दशांश स्थळांपर्यंतच्या मिनिटांनी जागा सांगणं मला जरा उद्धटपणाचं वाटलं. पण भाचा दोन वर्षांनी आला होता.

सरावासाठी त्यानं जागा निवडली सीताबर्डीचा किल्ला. आम्ही नागपूरकर 'बर्डीवर' जातो ते मोजे घ्यायला, चष्म्याची काडी बसवायला किंवा मेट्रो बदलायला. त्या 'वर'मध्ये एक टेकडी आहे, एक नव्हे दोन आहेत, हे भाषेला आठवतं, आम्हाला नाही. किल्ला सेनेच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसासाठी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट असे मोजके दिवस उघडतो. माझं सगळं आयुष्य त्या टेकडीच्या पायथ्याशी गेलं. सुट्टीच्या तीनही दिवशी मी दुपारी झोपलेलो असायचो. त्यामुळे या २६ जानेवारीला, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, माकडटोपी घालून मी पहिल्यांदा किल्ला चढलो. बाजूला सहलीची पोरं तिरंगे घेऊन पळत वर जात होती आणि मी दर पन्नास पावलांवर इतिहास पाहायला म्हणून थांबत होतो.

इतिहास तसा थांबून पाहण्यासारखाच आहे. मुळात लढाई झाली तेव्हा किल्ला नव्हता. लढाई आधी झाली, किल्ला इंग्रजांनी मागाहून बांधला. चोरी झाल्यावर लावलेलं हे कुलूप, फक्त ते चोरानं लावलेलं. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेनं इंग्रजांवर गोळीबार सुरू केला. भोसल्यांकडे सुमारे १८,००० माणसं आणि छत्तीस तोफा, कंपनीकडे दीड हजाराच्या आतबाहेर. मधे दोन टेकड्या, एक मोठी, एक धाकटी. रात्रभर धुमश्चक्री चालली. सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी धाकटी टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठीकडे वळवली. त्या घडीला रेसिडेंट जेन्किन्सच्या घशाला कोरड पडली असणार. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांनी मैदानात मुसंडी मारली, आणि त्याच सुमाराला धाकट्या टेकडीवर अरबांच्या बाजूला दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्या गोंधळात कंपनीचे शिपाई टेकडी चढले. दुपारपर्यंत खेळ खलास.

भाचा मोबाइलच्या पडद्यावर बाण पाहत होता. मी म्हणालो, "समजलं का? अठरा तासांची लढाई एका दारूच्या पेटीनं फिरवली. आणि तू याच टेकडीवर काडतुसांची पेटी ठेवायच्या गोष्टी करतोस."

"इथं नाही ठेवता येत मामा. नियमात बसत नाही. लष्करी जागा, रेल्वेचे रूळ, शाळा, सगळं वर्ज्य. आज फक्त जागेची खूण घ्यायची."

खूण घेण्याची पद्धत अशी: मोबाइल छातीशी धरून, मान खाली घालून, डावीकडे चार पावलं, उजवीकडे दोन, मग एकाच जागी स्वतःभोवती गिरकी. सेनेच्या आवारात हे करायला लागल्यावर किती वेळात कुणीतरी येईल? मी मनात आकडे मोजत होतो. अकरापर्यंत पोचलो.

"क्या ढूंढ रहे हैं?" जवान अत्यंत सभ्य होता.

"कुछ नहीं," भाचा म्हणाला. जगातलं सगळ्यांत संशयास्पद उत्तर.

मी पुढं झालो. "भांजा है. अमेरिका से आया है." जवानाच्या चेहऱ्यावरचे सगळे प्रश्न एका क्षणात मिटले. हे वाक्य मी पुढं दूधवाल्याला, रिक्षावाल्याला आणि एका लग्नात जेवणाच्या पंगतीत वापरून पाहिलं, सगळीकडे चालतं.

उतरताना मी भाच्याला सांगितलं की लपवाछपवीचा खरा उस्ताद या टेकडीनंच घडवला. हरल्यावर आप्पासाहेब कैद झाले. १८१८ च्या मे महिन्यात त्यांना अलाहाबादकडे नेत असताना वाटेत शिपायाचा वेश करून ते पहाऱ्यातून निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना सांभाळलं, पुढं असीरगड, पंजाब असं करत ते थेट जोधपूरला पोचले आणि १८४० मध्ये तिथंच वारले. कंपनीनं बक्षीस लावलं, पलटणी धाडल्या, पण पुन्हा काही तो माणूस तिच्या हाती लागला नाही. त्या काळी 'कोणालेही विचारा' ही पद्धत इंग्रजांनीही वापरली असणार. फक्त ज्यांना विचारलं ते गोंड होते, आणि त्यांनी सांगितलं नाही. भोसल्यांच्याच घरातली बाकाबाई इंग्रजांना मिळाली याचा राग मात्र नागपूर अजून दरवर्षी काळी मारबत या पुतळ्याची मिरवणूक काढून व्यक्त करतं. आमचं विसरणं आणि आठवणं दोन्ही असं घाऊक असतं.

विसरण्यावरून आठवलं. काही वर्षांपूर्वी त्या टेकडीच्या पलीकडे, कस्तुरचंद पार्कात खोदकाम करताना जमिनीतून जुन्या तोफा निघाल्या. त्या मैदानावर आमच्या पिढ्यांनी क्रिकेट खेळलं, सभा ऐकल्या, कडेला उभं राहून तर्री-पोहे खाल्ले, आणि खाली तोफा! भाचा म्हणाला, त्यांच्या खेळात डब्याचे आकार असतात, नखाएवढ्यापासून बादलीएवढ्यापर्यंत. तोफ कोणत्या आकारात बसते ते त्याला सांगता आलं नाही.

किल्ल्यावरून हाकेच्या अंतरावर झिरो माइल. चार घोडे, एक उंच खांब आणि बाजूला षटकोनी दगड, त्यावर निरनिराळ्या गावांची अंतरं कोरलेली. हा १९०७ सालचा सर्वेक्षणाचा दगड. नागपूरकराच्या लेखी हा भारताचा मध्यबिंदू, आणि याबाबत त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिथली उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट दिलेली आहे. मी ते शेवटचे तीन आकडे बराच वेळ मनात घोळवत राहिलो. फुटाचा हजारावा भाग! म्हणजे मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाएवढा. आणि माझ्या शेजारी हजार डॉलरचा मोबाइल घेतलेला भाचा म्हणत होता, "आपण साधारण इथं आहोत, पाच-सहा मीटर इकडे-तिकडे." मला त्या जुन्या सर्वेक्षणवाल्यांबद्दल एकदम आपुलकी वाटली. पैशाचाही हिशेब लागल्याशिवाय घरी न जाणारी माणसं ती.

त्यांचा आद्यपुरुष विल्यम लॅम्बटन. १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजणीला लागला तो दोन दशकं मोजतच वर सरकत राहिला, सोबत कोन मोजायचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट यंत्र. तंजावरच्या बाजूला ते गोपुरावर चढवताना दोर तुटून आपटलं, तर ते यानं स्वतः ठोकून-वाकवून पुन्हा सरळ केलं. नागपूरला यायला निघाला आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. कबर तिथंच आहे. हिंगणघाट हिचं माहेर. रात्री जेवताना मी ही हकीकत मोठ्या गंभीरपणे सांगितली.

"नागपूरला निघालेला माणूस हिंगणघाटलाच राहिला," ही म्हणाली, "आमच्याकडचा पाहुणचारच तसा आहे. तुम्हीच मेले दुसऱ्या दिवशी परत यायची घाई करता."

डबा लपवायला शेवटी सेमिनरी हिल्स ठरली. पश्चिमेची ही टेकडी म्हणजे काळा दगड, साग-पळसाची झाडी, मधून पायवाटा आणि पहाटे पाचपासून चालणारी अर्धी नागपूर नगरी. भाच्याचं बालपण तिथल्या बालोद्यानात वनबाला गाडीत बसण्यात गेलेलं. डब्यासाठी हिच्याशी तीन दिवस बोलणी चालली. प्लॅस्टिकचे डबे मोजलेले होते, काचेची बरणी चालणार नव्हती. अखेर हिनं माळ्यावरून एक स्टीलचा डबा काढून दिला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: 'चि. सौ. कां. हिला मावशीकडून सप्रेम'. नावाच्या जागी पोचा आलेला. अट एकच: "डबा परत आला पाहिजे."

"मामी, तो परत यायचाच नसतो."

"मावशीचा डबा आहे," ही म्हणाली.

आत काय ठेवायचं? भाच्यानं किल्ल्यांची साखळी, रंगीत खोडरबर, प्लॅस्टिकचा एक डायनासोर टाकला. मला झिरो माइलचा षटकोन डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी कपाटातून २० पैशांची पाच नाणी काढली. ॲल्युमिनियमची, सहा कोनांची, इतकी हलकी की काउंटरवर पंखा सुरू असला तर घसरत जायची. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली, पण माझ्याकडून ही पाच जमा करायची राहिली होती. राहिली होती म्हणजे मी राहू दिली होती. चौतीस वर्षांतला माझा हा एकमेव अपहार, दर्शनी मूल्य एक रुपया.

वही बँकेची जुनी डायरी. पहिल्या पानावर काहीतरी लिहायला भाच्यानं पेन मागितलं. मी दिलं, टोपण माझ्याकडे ठेवून. हे मी मुद्दाम करत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर काउंटरवर सुतळीनं बांधलेलं पेन पाहिलं, त्याचा हात पेन देताना टोपण काढूनच घेतो. टोपण नसलेलं पेन माणूस खिशाला लावू शकत नाही, म्हणून ते परत येतं. सगळी पतव्यवस्था या एका तत्त्वावर उभी आहे असं माझं मत आहे.

जागा दुसऱ्याची म्हणून टेकडीवर परवानगी विचारायला हवी, हाही त्यांच्या खेळाचा नियम. तिथला चौकीदार खुर्चीवर उन्हात बसला होता. आम्ही सगळं समजावलं. त्यानं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "ठेवा न. पण कुठं ठेवला थे मले सांगून ठेवा. उद्या कोणी उचलून नेला तं माह्यावर नाव येईन."

"पण कोणाला सांगायचं नसतं," भाचा म्हणाला.

"मी काहाले कोणाले सांगतो?"

भाच्यानं डबा लपवला आणि माझी परीक्षा घ्यायची म्हणून फक्त आकडे दिले. मी मोबाइल धरून निघालो. एका सागाच्या भोवती बाण मला गरागरा फिरवू लागला. झाडीखाली उपग्रह नीट दिसत नाहीत म्हणे. या खेळात ज्यांना खेळ माहीत नाही अशा येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरच्या गोष्टींतला शब्द. मगलांच्या नजरेत न येता डबा शोधायचा. मगल जवळून गेला तर बुटाची नाडी बांधत असल्याचं भासवायचं. हा सल्ला ज्यानं दिला तो नागपुरात कधी नाडी बांधायला वाकलेला नाही.

"काय हरवलं काका?"

"काही नाही."

"चश्मा का?"

"नाही नाही, असंच."

"पाह्य बे, काकाचा चश्मा हरवला."

"डोळ्यावर तं आहे काकाच्या."

"मंग किल्ली असंल."

पाच मिनिटांत आठ माणसं सागाखाली पाचोळा उपसत होती. एका ताईंनी मला धीर दिला की त्यांची सोन्याची बाळी अशीच तीन दिवसांनी सापडली होती. एकानं "नंबर सांगा, रिंग देऊन पाहतो" म्हणून स्वतःचा फोन काढला. माझा मोबाइल माझ्या हातात होता हे त्याच्या गावीही नव्हतं. व्यायामाचं टी-शर्ट घातलेल्या एका गृहस्थांनी सगळ्यांना रांगेत उभं करून जमीन वाटून दिली. भाचा लांब एका दगडावर बसून दोन्ही हातांत तोंड लपवून हसत होता. शेवटी दूर खुर्चीवरून चौकीदाराचा आवाज आला. "तिथं नाही भाऊ, इकडं, थ्या दगडाच्या मांगं!"

सगळ्यांच्या देखत डबा सापडला. सगळ्यांच्या देखत तो उघडला. "इतकंच?" ताई म्हणाल्या. डायनासोर हातोहात फिरून परत आला. मग गर्दी पांगली, आम्ही डबा वेगळ्या जागी, वडाच्या बुंध्याजवळच्या कपारीत ठेवला, वर दोन दगड लावले आणि चौकीदाराला न सांगता घरी आलो. चौकीदार आमच्याकडेच पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात कानाला मफलर बांधलेले एक अनोळखी गृहस्थ. हातात डबा.

"तुमचा डबा टेकडीवर राहून गेला होता. वहीत पत्ता होता म्हणून बरं."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. डायरीच्या पहिल्या पानावर मी नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि रक्तगट लिहिला होता. छापील रकाने होते, मी भरले. रकाना रिकामा सोडायचा नसतो.

गृहस्थ मानेवाड्याहून स्कूटरवर आले होते, थंडीत, अख्खं शहर ओलांडून. त्यांना पोहे केले. त्यांनी गुडघ्यांबद्दल, महानगरपालिकेबद्दल आणि संत्र्याच्या भावाबद्दल विचार मांडले. हिनं डबा आत नेला आणि उघडला, तर वर दोन संत्री.

"रिकामा कसा आणायचा," ते गृहस्थ ओशाळून म्हणाले.

हिनं भाच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्या नजरेत ऑरेगन, सिएटल आणि अंतराळ स्थानक सगळं निकाली निघालं. भाच्यानं मग त्यांना खेळ सांगितला. ते पोह्यांचा चमचा हातात धरून ऐकत होते, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी आणायला नको होता?"

"नाही नाही काका, तसं नाही..."

पण ते उठलेच. डबा घेतला, मफलर बांधला. "मी ठेवून येतो जाग्यावर." आणि गेलेसुद्धा. तासाभरानं फोन आला: "ठेवला. दगड तसेच लावले. चौकीदाराला विचारून घेतलं, दोनच दगड होते ना?"

पहिलं पान मात्र त्यांनी आमच्यासमोर स्वतःच्या हातानं फाडून खिशात घातलं होतं. त्यानंतर डबा आला नाही. भाचा फेब्रुवारीत परत गेला. ही रोज सकाळी बेलकडे कान लावून असायची. "कोणी आणला नाही अजून," म्हणायची. मुलगी सासरी गेल्यासारखं घर झालं होतं.

होळीच्या आधी मीच गेलो. टेकडीवर पळस पेटला होता, साग बोडका झाला होता. ऊन चढलेलं, त्यामुळे माकडटोपी नाही. चौकीदारानं मला ओळखलं नाही.

"डबा पाहाले आले का? या, दाखवतो."

मी काही बोललो नाही. तो पुढं चालू लागला. "अमेरिकेवाल्यानं ठेवला आहे. उपग्रहातून दिसते थो तिथं. परवा कामठीचे पोट्टे येऊन गेले, भल्ले लांबून येतेत लोक." दगड त्यानं सवयीच्या हातानं बाजूला केले. कपारीत खाली कुणीतरी कौलाचा तुकडा बसवला होता, ओल लागू नये म्हणून. "पाहा. काही घ्याचं असंल तं घ्या. पण काहीतरी टाकाले लागते. रिकामा नाही ठेवत आमी."

मी दगडावर बसलो आणि डबा मांडीवर घेऊन उघडला. डायनासोर गेला होता. जागी एक शिट्टी, दोन कंचे, बांगडीचा तुकडा, तीन विमा एजंटांची कार्डं आणि एका लग्नाची पत्रिका, 'आग्रहाचं निमंत्रण' खाली हातानं 'सर्वांना' लिहिलेलं. वहीत बावीस सह्या. मधल्या एका पानावर कुणाचा तरी दुधाचा हिशेब, तोही चुकलेला; मी पेन काढून दुरुस्त केला. मग नाणी मोजली. हे माझ्या हातून होणारच होतं.

सहा.

पुन्हा मोजली. तळहातावर ओळीनं मांडली. कुणीच एकही घेतलं नव्हतं, ते ठीक, घेणार कोण. पण मी पाच ठेवली होती. सहावं थोडं वेगळ्या साली पाडलेलं, जास्त झिजलेलं, एका कोनाला चेपलेलं. रोकड कमी भरली तर काय करायचं मला पाठ आहे, खिशातून भरायची आणि घरी सांगायचं नाही. जास्त भरली तर त्याचंही खातं असतं, व्हाउचर असतं, दोन सह्या लागतात. पण तेरा-चौदा वर्षांपूर्वी मेलेलं नाणं कुणीतरी घरातून शोधून काढतो, बाकीची पाच पाहून आणतो आणि टेकडीवर चढून जोडीला ठेवून जातो, याचं व्हाउचर कसं लिहायचं?

"झाले का पैसे मोजून?" चौकीदार उभाच होता. "मंग टाका काहीतरी भाऊ."

मी सगळे खिसे चाचपले. बसचं तिकीट, रुमाल, चष्म्याचं घर. सांगावंसं वाटलं की अरे बाबा, डबाच माझा आहे. झाकणावरच्या 'मावशीकडून सप्रेम'वरून त्यानं धूळ पुसली आणि वाट पाहत राहिला.

शेवटी पेन टाकलं. टोपण खिशाला तसंच राहिलं.